भोपळा मिळवावा कसा, टिकवावा कसा

मित्रांनो, शीर्षक वाचून कुणाला एम-थ्रीच्या पेपरची आठवण झाली असेल तर क्षमस्व! उत्तरपत्रिकेतला भोपळा मिळवायला काहीच कष्ट पडत नाहीत आणि तो टिकतो मात्र जन्मभर. परसातल्या खऱ्या भोपळ्याचं गणित उलटं आहे. तो मिळवायला चार महिने लागतात, आणि काढताना दोन मिनिटांची घाई केली तर पंधरा दिवसांत कुजून जातो. नीट काढला, तर दिवाळीतला भोपळा फेब्रुवारीच्या गॅदरिंगपर्यंत खोलीच्या कोपऱ्यात ठणठणीत राहतो. त्याला फ्रीज लागत नाही, वीज लागत नाही, औषध लागत नाही.

हे आपल्याला हॉस्टेलच्या भरल्या ताटावर फारसं जाणवत नाही. मेसमध्ये लाल भोपळ्याची भाजी आली की निम्मी ताटांत तशीच राहते. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गावी आठवड्याचा बाजार एकदाच भरतो. मेथी दोन दिवसांत मान टाकते, वांगी-टोमॅटो चार-सहा दिवस काढतात, आणि वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट! अशा घरात माळ्यावर पाच-सहा भोपळे असणं म्हणजे तेवढ्या दिवसांच्या भाजीची सोय. म्हणून हा लेख. सांगायचं आहे ते एका ओळीत असं : भोपळा किती टिकणार, हे तो घरात आणल्यावर ठरत नाही, वेलावर असतानाच ठरतं.

भोपळा म्हणजे नक्की कोण?

आधी नावाचा घोळ मिटवू. पुण्या-साताऱ्याकडे लाल भोपळा, कोकणात तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. विदर्भात यालाच कोहळं म्हणतात, आणि सातारकराला कोहळा म्हटलं की पेठ्याचा, राखेसारखी पावडर असलेला फिका कोहळा आठवतो. एकाच खोलीत नागपूर आणि सातारा राहत असतील तर यावरून भांडण ठरलेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत!

दुधी भोपळा आणि तंबोऱ्याचा भोपळा हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक, पण लाल भोपळ्याचं घराणं वेगळं. त्याच्या शास्त्रीय घराण्याचं नाव कुकुरबिटा. त्यातली 'मॉस्काटा' ही जात आपल्याकडे घरोघरी दिसते. ओळखायची खूण देठात आहे. देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला टेकतो तिथे पसरट. 'मॅक्झिमा' जातीचा देठ जाड, गोल आणि बुचासारखा मऊ असतो. परदेशात स्पर्धेसाठी जे राक्षसी भोपळे वाढवतात ते या दुसऱ्या जातीचे. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत असा एक भोपळा १,२४७ किलो भरला होता. आपल्याला तसला नको, माळ्यावर चढवायचा कसा?

मूळचा हा पाहुणा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत याच घराण्यातल्या भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ नंतर मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखाच तोही जहाजांतून जगभर गेला. इंग्रजी बोलणारे लोक अशा भोपळ्यांना 'हिवाळी' म्हणतात. हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे (थंडी त्यांना मुळीच सोसत नाही), तर उन्हाळ्याच्या शेवटी काढून हिवाळाभर खाता येतात म्हणून. म्हणजे टिकाऊपणा हीच त्यांची खरी ओळख.

लावायचा कधी?

महाराष्ट्रात भोपळा दोन हंगामांत लावतात : जून-जुलै आणि जानेवारी-फेब्रुवारी. टिकवायचा असेल तर पहिला हंगाम सोयीचा, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जूनअखेर बी लावलं तर ऑगस्टमध्ये फुलं येतात, सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत फळं धरतात आणि ऑक्टोबरच्या शेवटाला काढणी येते. तेव्हा पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी आणि गरम असते, आणि पुढे साठवणीला थंडीचे तीन-चार महिने मिळतात. उन्हाळी पीक मे-जूनमध्ये हातात येतं आणि साठवायला मिळतो दमट पावसाळा. बुरशीला याहून चांगलं आमंत्रण नाही.

बघा, हे वेळापत्रक आपल्या सेमिस्टरशीही जुळतं. कॉलेज उघडल्यावर बी लावा, सबमिशनच्या धांदलीत वेल आपोआप वाढतो, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास फळ तयार!

जात निवडताना आकार पाहा. चार माणसांच्या घरात आठ किलोचा भोपळा कापला की चौथ्या दिवशी सगळे पळ काढतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का चंदन' ही जात साधारण अडीच-तीन किलोची फळं देते. तिथलीच 'अर्का सूर्यमुखी' त्याहून लहान, किलो-दीड किलोची. गावातल्या कुणाच्या परसातलं चांगलं टिकणारं देशी बी मिळालं तर फारच उत्तम.

जागा आणि आळं

दिवसातून सहा-सात तास ऊन पडेल अशी जागा हवी. वेल पंधरा-वीस फूट सहज पसरतो, त्यामुळे दोन आळ्यांत सहा ते आठ फूट अंतर ठेवा. दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून त्यात माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं भरा. पावसाचं पाणी साचत असेल तर खड्ड्याऐवजी तेवढाच उंचवटा करा. खेड्यात भोपळ्याचं बी उकिरड्याच्या कडेला टाकतात ते उगीच नाही. याला खाणं भरपूर लागतं.

बी रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी पाऊण-एक इंच खोल लावा. एका आळ्यात तीन-चार बिया. आठवड्याभरात उगवतात. रोपांना तीन-चार पानं आली की दोन धट्टीकट्टी ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं दुखावतात.

जागा कमी असेल तर लहान फळाची जात कुंपणावर किंवा मांडवावर चढवता येते. फळ लिंबाएवढं झालं की त्याला कांद्याच्या जाळीदार पिशवीचा झोळा बांधा, म्हणजे वजन वेलावर येत नाही. जमिनीवरच्या फळाखाली कौलाचा तुकडा, वीट किंवा सुकं गवत सरकवा. ओल्या मातीला टेकलेली बाजू पुढे साठवणीत सर्वांत आधी सडते. म्हणजे साठवणीची पहिली पायरी ही!

युरियाचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात, वेल बघणाऱ्याला आनंद होतो, पण मादी फुलं कमी येतात.

फुलं आली, फळं कुठायत?

हा प्रश्न दरवर्षी घरोघरी विचारला जातो. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात, आणि आधीचे आठ-दहा दिवस बहुतेक नरच असतात. ती गळली म्हणून घाबरायचं कारण नाही. (त्यांची भजी करा, फार छान होतात.) मादी फुलाच्या मागे, देठाला लागून, छोटासा भोपळा आधीपासूनच दिसतो. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो.

फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकराच्या सुमारास मिटतं. आयुष्य तेवढंच. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. मधमाशीच लागते, आणि तीही एकदा येऊन भागत नाही. सततच्या पावसात माश्या बाहेर पडत नाहीत, परिसरात फवारण्या झाल्या असतील तर येतच नाहीत. मग ते छोटे भोपळे पिवळे पडून गळतात.

अशा वेळी आपणच मधमाशी व्हायचं. सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलक्या हाताने फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरली तर उत्तम. आठच्या लेक्चरला पोचायलाही वेळ उरतो!

त्या दिवशीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून देठाजवळ सैलसर बांधा. ही चिठ्ठी फार कामाची आहे, काढणीच्या वेळी तीच आपल्याला घाईपासून वाचवते. मोठ्या फळांच्या जातीत एका वेलावर दोन-तीनच फळं ठेवा. जास्त ठेवली तर सगळीच अर्धवट पोसतात, आणि अर्धवट पोसलेलं फळ टिकत नाही.

शत्रुपक्ष

रोप लहान असताना तांबडे भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर चाळलेली राख भुरभुरली तरी उपद्रव कमी होतो.

खरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ आतून सडतं. फळ धरल्यावर दोन-चार दिवसांत त्यावर वर्तमानपत्राची पिशवी चढवा. कृषी सेवा केंद्रात 'क्यू-ल्यूर'चा सापळा मिळतो, त्यात नरमाश्या अडकतात. किडकं फळ तसंच कचऱ्यात टाकू नका. दीड-दोन फूट खोल पुरा, नाहीतर त्यातून पुढची पिढी बाहेर येते.

पावसाळा सरताना पानांवर पांढरी भुरी दिसते. खराब पानं काढा, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला. निंबोळी अर्क फवारायचा तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. सकाळ मधमाश्यांची!

काढणी : दोन मिनिटांची परीक्षा

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. भाजीसाठी भोपळा कोवळा काढला तरी चालतो, त्याची भाजी चांगलीच होते. पण तो आठवड्या-दोन आठवड्यांत संपवावा लागतो. टिकवायचा भोपळा पूर्ण जून झालेलाच हवा. फूल बांधल्यापासून त्याला साधारण दीड ते दोन महिने लागतात. चिठ्ठीवरची तारीख बघा, आणि मग पुढच्या खुणा तपासा.

एक, सालीची चकाकी जाते, ती मळकट दिसू लागते. जातीप्रमाणे हिरवा रंग जाऊन पिवळट-तपकिरी येतो.

दोन, अंगठ्याचं नख दाबलं तर सालीत घुसत नाही. कोवळ्या सालीत ते सहज रुततं आणि पाणी येतं. (नखाची परीक्षा कोपऱ्यात एकदाच करा. रूममधल्या प्रत्येकाने केली तर भोपळ्याची चाळणी होईल.)

तीन, देठ हिरवा, रसरशीत न राहता सुकून लाकडासारखा होतो. फळाजवळचा तणावाही वाळतो.

टकटक करून आवाज ऐकायची पद्धत सगळ्यांना आवडते, पण नुसत्या आवाजावर विसंबू नका.

जून होण्याला एवढं महत्त्व का? शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत फळाची साल कडक होते, तिच्यावर मेणाचा थर पक्का होतो आणि गरात पिष्ट साठतं. साल म्हणजे तटबंदी, पिष्ट म्हणजे शिधा. तटबंदी अर्धवट आणि शिधा अपुरा असताना किल्ला वेढ्यात किती दिवस लढणार?

काढणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर, धारदार कात्रीने किंवा विळ्याने देठ कापा. विळ्या-भोपळ्याचं सख्य आपल्याला माहीतच आहे, तेव्हा विळा देठापुरताच ठेवा, सालीला लागू देऊ नका. फळाबरोबर दोन-तीन इंच देठ राहिला पाहिजे. पिळून किंवा ओढून तोडायचा नाही.

आणि देठाला धरून भोपळा कधीही उचलू नका. चार महिन्यांची मेहनत इथेच मातीत जाते. देठ हा फळाला अन्न-पाणी पोचवणारा नळ. तो मुळापासून निखळला की फळाच्या डोक्यावर एक ओली, उघडी जखम राहते आणि बुरशी तिथून सरळ आत उतरते. दोन इंच सुका देठ म्हणजे त्या नळाला बसवलेलं बूच. भोपळा दोन्ही हातांनी खालून, तान्ह्या बाळासारखा उचलायचा. आपटला तर वरून काही दिसत नाही, पण आत मुका मार बसतो आणि तिथेच कूज सुरू होते.

ऑक्टोबर हीटचा उपयोग

ऑक्टोबर हीटने आपला जीव नकोसा होतो, पण भोपळ्याला ती हवीच असते. काढल्यावर त्याला साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात, हवेशीर जागी आठ-दहा दिवस ठेवायचं. या उबेत सालीवरच्या बारीक ओरखड्यांखाली बुचासारखा पेशींचा थर तयार होतो, म्हणजे आपल्या जखमेवर खपली धरते तसंच. कापलेलं देठाचं टोकही वाळून बंद होतं. ओसरी, व्हरांडा, पत्र्याच्या शेडची सावली, काहीही चालेल. कडक उन्हात मात्र ठेवू नका, साल भाजते. आणि पाण्याने धुऊ नका. माती कोरड्या फडक्याने पुसली की पुरे.

साठवण : भोपळा श्वास घेतो!

वेलावरून काढला तरी भोपळा जिवंत असतो. तो ऑक्सिजन घेतो, साठवलेली साखर जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतो. थर्मोवाल्यांनी याला अगदी मंद चालणारं इंजिन समजावं. तापमान दहा अंशांनी वाढलं की या इंजिनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून जागा जितकी थंड, तितका शिधा जास्त दिवस पुरतो.

मग फ्रीजमध्येच का ठेवू नये? कारण हा उष्ण प्रदेशातला जीव. दहा अंशांच्या खाली बरेच दिवस राहिला तर त्याच्या पेशी बिघडतात, सालीवर खड्डे पडतात आणि बाहेर काढताच तो सडू लागतो. १० ते १५ अंश तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता, हे त्याचं सुख. देशावर थंडीच्या रात्री बहुतेक घरांत याच्या जवळपासचं हवामान फुकट मिळतं. दिवसा तापमान वर जातं हे खरं, पण चांगला जून भोपळा तीन-चार महिने सहज काढतो. कोकणात दमटपणा जास्त, तिथे वाऱ्याची जागा निवडायची.

जुन्या लोकांनी यासाठी केलेल्या युक्त्या बघण्यासारख्या आहेत. भोपळा शिंक्यात टांगायचा, म्हणजे चारही बाजूंनी हवा लागते आणि उंदीरही पोचत नाही. नाहीतर माळ्यावर गवताच्या चुंबळीवर बसवायचा, म्हणजे तळाशी ओल धरत नाही. फरशीवर थेट ठेवला तर खालची बाजू घामेजते. एकावर एक रचायचे नाहीत. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि एक सडला की शेजाऱ्याला घेऊन जातो. पिकत घातलेल्या केळी-सफरचंदांपासूनही दूर ठेवा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात, त्याने देठ सुटतो आणि मुक्काम कमी होतो.

आठवड्यातून एकदा प्रत्येक भोपळा हातात घेऊन पाहा. देठाची कड आणि बूड दाबा. मऊ लागलं की तो त्याच दिवशी कापा, खराब भाग आणि त्याच्या भोवतालचा भाग टाकून द्या, आणि आतपर्यंत कूज किंवा वास असेल तर सगळाच टाका. इथे 'आधी आला तो आधी गेला' हा स्टोअर्सचा नियम चालत नाही. आधी देठ तुटलेले, मग ओरखडे पडलेले, मग लहान, आणि सर्वांत शेवटी धडधाकट. ज्यांना आकड्यांची हौस आहे त्यांनी दर रविवारी एकाच भोपळ्याचं वजन करून आलेख काढावा. उतरता आलेख म्हणजे त्याचा श्वास आणि घाम. देठ असलेला आणि देठ तुटलेला असे दोन भोपळे शेजारी ठेवले तर या लेखातला अर्धा भाग आपोआप सिद्ध होईल.

खाताना

साठवणीच्या पहिल्या काही आठवड्यांत गरातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते, त्यामुळे महिनाभर थांबलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. घारग्यांसाठी असाच घ्यावा. मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी, दह्यातलं भरीत, थालीपीठ यांना कुठलाही चालतो. त्याच्या केशरी रंगातलं बीटा-कॅरोटीन शरीरात जीवनसत्त्व 'अ' बनतं, आणि ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. तेव्हा फोडणी हा चोचला नाही, शास्त्र आहे! कापलेला भोपळा मात्र बिया आणि मऊ धागे काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

एक गोष्ट गंमत सोडून : गर कडू लागला तर तो घास थुंका आणि भाजी टाकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, आणि तो शिजवून जात नाही. अशा फळाचं बीही ठेवू नका.

सर्वांत जास्त दिवस टिकलेल्या भोपळ्याचं बी मात्र नक्की ठेवा. धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, कागदाच्या पुडीत तारीख घालून. बी संकरित जातीचं नसेल तर टिकण्याचा गुण त्यातून पुढच्या वर्षी येण्याची शक्यता चांगली असते. पुडी कपाटात, पुस्तकांमागे राहू द्या. जूनमध्ये नवी सेमिस्टर सुरू झाली, पहिला पाऊस पडला, की हॉस्टेलमागच्या मोकळ्या जागेत दोन आळी करायला एक रविवार पुरतो. भोपळा लावायला कुठली एंट्रन्स लागत नाही, आणि हा भोपळा घरी दाखवायला लाजही वाटत नाही!